फिकी बाटली

दोन्ही बाटल्यांवर नाव एकच होतं, अक्षर माझंच होतं, आणि एक बाटली लाल होती, दुसरी फिकी. शुक्रवारची दुपार, अडीचचा सुमार. डबा खाऊन, हात धुऊन मी बल्बांचं कपाट उघडलं ते अगदी सहज, रोज उघडतो तसं, आणि दार धरून उभाच राहिलो. आत सहा बल्ब मंद जळत असतात. त्यांच्या पुढे काचेच्या टाकीत कोमट पाणी, आणि पाण्यात काठोकाठ भरून बूच घट्ट लावलेल्या बाटल्या. दार उघडलं की आधी तोंडावर ऊब येते, मग वास. नवीन माणूस नाक धरतो. मला तो वास कळत नाही, माझ्या कपड्यांना येतो तो बायकोला कळतो. त्या दिवशी मात्र मला आला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो सडका वाटला. लाल बाटली नेहमीसारखी होती, जुन्या विटेसारखी, पलीकडचं बोट दिसू नये इतकी दाट. शेजारची म्हणजे फडकं धुऊन पिळलेलं पाणी. जिवंत होती, गढूळही होती, पण रंग म्हणून काही नाही. मी दोन्ही बाहेर काढल्या, खिडकीपाशी नेल्या, पुसल्या, पुन्हा पाहिल्या.

आमच्या प्रयोगशाळेत जीवाणू वाढवतात, मी तिथला मदतनीस. आजाराचे नाहीत, उजेडावर जगणारे. पाहुणे आले की सर मला पुढे करतात. "काका, तुम्ही सांगा, तुमचं लोकांना कळतं." सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण इथे मला काका सगळेच म्हणतात, सरही. मग मी सांगतो. हवा भरपूर असली की हे आपल्यासारखेच श्वासावर जगतात, रंगाच्या भानगडीत पडत नाहीत. हवा तोडली आणि अंधुक उजेड दिला की यांची धांदल उडते. पेशीच्या आत नवे पापुद्रे धरायला लागतात आणि त्या पापुद्र्यांत उजेड पकडायची कडी बसवायला लागतात. एकेक कडं म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे जोडीजोडीने गोल उभे केलेले, आणि त्यांच्यामध्ये रंगद्रव्य अडकवलेलं. उजेड जितका कमी, तितकी कडी जास्त. हे काही डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो फक्त रंग. कडी बसली की लाल, नाही बसली की फिका. "पण बसवतं कोण?" असं एखादा चुणचुणीत पाहुणा विचारतोच. घोडं तिथेच तर अडलंय, मी म्हणतो, आणि सगळे हसतात. रंगद्रव्य मोकळं सोडून चालत नाही, उजेडात ते पेशीलाच भाजून काढायचं. कुणीतरी ते धरून नेमक्या तुकड्याला नेमक्या वेळी द्यायला हवं. तसं एक प्रथिन आहे. त्याचं नाव आकड्या-अक्षरांचं, आम्ही आपसात त्याला दाई म्हणतो. मास्तरीणबाईंचा अख्खा प्रबंध या दाईवर. शाळेत चौदा वर्षं शिकवून, नोकरी सोडून, अडतिसाव्या वर्षी पीएचडीला आलेली बाई, म्हणून मास्तरीण. त्यांनी दाईचा जीन काढून टाकलेला वाण तयार केला आणि चार वर्षं मोजमापं करून दाखवलं की दाई नसली तरी कडी बसतात. जरा उशिरा बसतात, पण बसतात. जग समजत होतं की दाईवाचून अडतं, बाईंनी दाखवलं की अडत नाही. गुरुवारी तोंडी परीक्षा. ती झाली की महिनाअखेर एका महाविद्यालयात कायमची जागा. पदवीशिवाय जागा नाही, आणि पुढच्या वर्षी वयात बसत नाहीत. हे मला पाठ होतं, कारण त्यांनी ते मला शंभरदा सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी टेबलाच्या लाकडाला हात लावला होता.

फिकी बाटली आली ती अशी. कुठल्याशा दुसऱ्या प्रयोगशाळेने बाईंचा वाण मागितला होता, सोमवारी पार्सल जायचं होतं. बाहेर द्यायचं तर ते फ्रीझरमधल्या मूळ नळीतूनच, असा सरांचा दंडक. मूळ नळी म्हणजे वाण तयार झाला त्याच आठवड्यात मी गोठवून ठेवलेली. चार वर्षांत ती मी या मंगळवारी पहिल्यांदा उघडली आणि तिच्यातून बाटली भरली. रोजच्या कामाला फ्रीझर कोण उघडतंय? रोजचं काम प्लेटवरून प्लेटवर चालतं, प्लेट म्हणजे जीवाणू वाढवायची झाकणाची काचबशी. लाल बाटली तिथलीच. दर सोमवारी जुनी प्लेट घ्यायची, तिच्यावर शेकडो ठिपके उगवलेले असतात, एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीची प्रजा, एक कॉलनी. त्यातला एक तारेच्या टोकावर उचलायचा आणि नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या. कुठला उचलायचा, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. टोमॅटो घेताना कुणी लिहून ठेवतं का? चांगला बघून उचलायचा. मी चांगला बघून उचलला. दर सोमवारी, गेले दोनशे सोमवार, सगळ्यात लाल. माझ्या डोळ्याचं इथे फार कौतुक. मीटर लावायच्या आधी मी रंग सांगतो आणि मीटर तेच सांगतं. त्या डोळ्याने मी दोनशे वेळा निवड केली होती. दाई नसताना एखादी पेशी चुकूनमाकून काहीतरी सोय करते, इतरांपेक्षा केसभर जास्त रंगते, आणि मी तीच उचलून बाकीच्या फेकून देतो, पुढच्या सोमवारी पुन्हा तसंच. बाई बिचाऱ्या दर सहा महिन्यांनी तपासायच्या की दाईचा जीन नाही ना, आणि तो नसायचाच. बदल झाला तो दुसरीकडे कुठेतरी, जिथे पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे दाईवाचून अडत होतं. चांगलंच अडत होतं. अडत नाहीसं मी केलं होतं.

हे सगळं मला खिडकीपाशी उभ्या उभ्या कळलं, पाच मिनिटांत, आणि त्याच वेळी मास्तरीणबाई आत आल्या, हातात बांधून आणलेला प्रबंध, कडेवर मूल घ्यावं तसा. "काका, वास घेऊन बघा," म्हणाल्या, "नव्या पुस्तकाचा." मी पाठीमागे हात नेऊन फिकी बाटली खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, चोरून काही खाल्लेल्या पोरासारखा. त्यांनी आभाराचं पान उघडून दाखवलं. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. 'यांच्या हातांशिवाय हे काम झालं नसतं.' मी म्हणालो, "वा." त्या म्हणाल्या, "वा काय वा? तुम्ही रडाल असं वाटलं होतं मला. मी लिहिताना रडले." मग त्या हसल्या आणि सांगू लागल्या, परीक्षक खडूस आहे म्हणतात, साडी नेसू की ड्रेस घालू, मुलगी म्हणते आई तू तिथे पण फळ्याकडे तोंड करून बोलशील. मी हूं हूं करत राहिलो. माझ्या पाठीला कठड्यावरची बाटली लागत होती, कोमट.

बाई गेल्यावर मी शहाण्या माणसासारखं वागलो, म्हणजे पळवाट शोधली. नळीच खराब झाली असेल. वीज गेली असेल कधी, फ्रीझर वितळला असेल. दुसरी नळी होती, त्याच तारखेची. ती काढली, बाटली भरली, एक प्लेट केली, प्लेट हवाबंद बरणीत घालून बल्बांपुढे ठेवली. सोमवारपर्यंत कळेल. आणि पहिली फिकी बाटली ओतून का टाकली नाही, असं मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. जंतुनाशकाचा कॅन तिथेच होता. झाकण उघडलंही. दोन झाकणं ओतायची, अर्धा तास ठेवायचं, नळ सोडायचा, संपलं. पार्सलमध्ये लाल घालायची. लाल तिकडे पोचली की त्यांच्याकडेही तेच दिसेल जे बाईंनी लिहिलंय, आणि सगळं जग सुखाने नांदेल. मी झाकण लावलं आणि घरी गेलो.

घरी बायकोने विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बरं आहे. शनिवारी संध्याकाळी ती मशीनवर पडदा शिवत बसली होती, मी समोर बसून दोरा ओवून देत होतो, कारण तिला आता सुईचं नाक दिसत नाही आणि मला दिसतं. मी म्हणालो, "समजा, एखाद्या माणसाच्या हातून..." "समजा-बिमजा सोडा," ती म्हणाली, "काय केलंत ते सांगा." मग मी सांगितलं. तिला कडी-बिडी कळली नाहीत, पण निवडलेलं कळलं. मशीन थांबवून म्हणाली, "अहो, पण चांगलं बघूनच घेणार ना माणूस. मुद्दाम रोगट कोण उचलेल?" मला तिला मिठी मारावीशी वाटली. मग ती म्हणाली, "बाईंना सांगितलंत?" आणि मिठी राहिली.

माझे वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात होते. रंगवून आलेली लडी नमुन्याच्या लडीशी लावायची आणि हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच काम, पण ते म्हणाले हो की मालकसुद्धा नाही म्हणत नसे. माझा डोळा त्यांचाच. लहानपणी ते मला गच्चीवर नेऊन दोन लड्या दाखवायचे आणि म्हणायचे, यातली लबाड कुठली? मी सांगायचो, आणि ते माझ्या टाळूवर टिचकी मारायचे. पन्नाशीला त्यांच्या डोळ्यांत पडदा यायला लागला. घरात कळत होतं, ते वर्तमानपत्र हात लांब करून धरत, पण कारखान्यात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एकदा किरमिजी सुताचा मोठा माल परत आला, सगळा तांबूस. हो म्हणणारे वडील होते. पण कढईवर रंग कालवणारा त्यांचा दोस्त होता, ज्याला मी मामा म्हणायचो, ज्याच्या खांद्यावर बसून मी गावभर फिरलेला. मालकाने विचारलं, रंग चुकला कुणाचा? वडील काही बोलले नाहीत. खोटं बोलले नाहीत हो, एक शब्द नाही. मामाला काढलं. त्या संध्याकाळी वडील जेवायला बसले आणि त्यांनी तीनदा वाढून घेतलं. आई वाढत होती, वाढत होती, आणि शेवटी भांडं खाली ठेवून म्हणाली, "भूक बरी लागते तुम्हाला." मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. वडिलांचा राग मला फार उशिरा आला, ते गेल्यावर. आता शनिवारी रात्रीचं जेवण मला जाईना तेव्हा जरा बरं वाटलं, की चला, निदान एवढा तरी फरक आहे. असल्या गोष्टीवरही माणूस समाधान मानून घेतो.

रविवार कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. सोमवारी मी आठलाच पोचलो, शिपायाकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं. दुसऱ्या नळीचीही बाटली फिकी. बरणीतली प्लेट काढली, सगळे ठिपके पांढुरके, एखादाच गुलाबीकडे झुकलेला. म्हणजे आता पळवाट नाही. गंमत म्हणजे माझ्या हाताने सवयीने तार उचलली होती. मी ती खाली ठेवली. कानात बल्बांची गुणगुण. बाई साडेनऊला येतात. दीड तास मी सगळी टेबलं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. मनात म्हणत होतो, शुक्रवारी सांगावं. गुरुवार होऊन जाऊ दे. नोकरी लागू दे बाईला, मग सांगू, मग निस्तरू. चार दिवसांनी जीवाणू काही पळून जात नाहीत. हे इतकं शहाणपणाचं होतं की मला त्यात खोट सापडेना. आणि तरी त्या आल्या, पर्स खुंटीला अडकवली, आणि मी म्हणालो, "बाई, जरा इकडे या."

त्यांना समजावावं लागलं नाही. त्यांनी बाटल्या पाहिल्या, लेबलं वाचली, तारखा वाचल्या. मी निवडण्याचं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. "दर सोमवारी?" "हो." "सगळ्यात लाल?" "हो." बराच वेळ त्या काचेवरच्या पाण्याच्या ओघळाकडे बघत होत्या. मला वाटलं आता रडतील. मी मनाची तयारी केली होती रडण्याची, पाण्याचा ग्लासही भरून ठेवला होता. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?" "शुक्रवारी." "मी प्रबंध घेऊन आले तेव्हा?" "तेव्हा." "मग शुक्रवारी का नाही सांगितलं? आणि शुक्रवारी नाही, तर आज का? काका, आज का? चार दिवस तुम्हाला कळ काढता आली नाही? मी तुमचं काय घोडं मारलं होतं? मला माहीतच नसतं, मी खरं समजून बोलले असते, आता मी तिथे उभी राहून काय करू, सांगा ना, खोटं बोलू? की गप्प बसू? तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, माझ्या डोक्यावर आलं. झोप लागेल आता तुम्हाला." त्यांचं खरंच होतं. मी आतापर्यंत समजत होतो की मी प्रामाणिकपणा करतोय. तो घाबरटपणाही असू शकतो हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं." हे वाक्य इतकं हलकं वाटलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि टेबलावरचा आतला फोन उचलून सरांना लावला. मी दोन हात अंतरावर उभा. "सर, गुरुवारचं रद्द करावं लागेल," त्या म्हणाल्या, शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात. "वाण बदललाय. हो. निवडून निवडून बदललाय. लाल कॉलनी उचलली जात होती." मग पलीकडून सरांचा आवाज वर चढला, इतका की मलाही शब्द ऐकू येत होते. कोण उचलत होतं? बाई एक क्षण थांबल्या. तो क्षण माझा होता. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. "मी, सर," बाई म्हणाल्या. "माझं काम आहे, माझीच जबाबदारी." फोनमधून सरांचं सगळं ऐकू आलं. हलगर्जी. चार वर्षांचा पैसा पाण्यात. या वयात झेपत नव्हतं तर यायचं कशाला. शाळा बरी होती. बाई हो सर, हो सर म्हणत होत्या, आणि मी तिथे उभा होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं. एक श्वास मी मोकळा घेतला, पोटभर घेतला. आणि मग माझी मला किळस आली. बाईंनी फोन ठेवला. "असं का केलंत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. माझं तसंही गेलंच. आता कृपा करा, माझ्याशी बोलू नका." पर्स घेऊन त्या निघून गेल्या. प्रबंध टेबलावर राहिला.

मी सरांकडे गेलो. एक मजला चढायचा, पंधरा पायऱ्या, आणि हातात मूळ नळीची ती प्लेट, का घेतली कोण जाणे, रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती म्हणून असेल. सर कपाळावर चष्मा चढवून बसले होते, लालबुंद. "ऐकलंत ना काका? काय ही बाई!" मी म्हणालो, "सर, ते बाईंनी नाही केलं. सोमवारच्या प्लेटा मी करतो. निवडत मी होतो." सर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा चक्क मऊ झाला. "बसा," म्हणाले. "तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? कुणी अडचणीत आलं की तुम्ही मध्ये पडायचंच. पांघरूण घालू नका, काका. तुमच्या हातून असं व्हायचं नाही." "झालंय, सर." "अहो, तीस वर्षं बघतोय मी तुमचं काम!" मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. ते मान हलवत हसत राहिले. माझं चांगलं नाव माझ्या वाटेत आडवं पडलं होतं आणि मला ते ओलांडता येईना. मला संताप आला, त्यांचा, माझा, माझ्या या लाडक्या डोळ्याचा. मी प्लेट त्यांच्या पुढ्यात ठेवली. "बरं, राहिलं," मी म्हणालो. "आज सोमवार आहे, पुढची प्लेट करायचीय. कुठला उचलू तेवढं सांगा, मग मी जातो."

सरांनी त्रासून चष्मा डोळ्यांवर ओढला. प्लेट जवळ घेतली. शेकडो पांढुरके ठिपके होते. त्यांनी फार वेळ घेतला नाही. बोट काचेवर टेकवलं, कडेच्या त्या एका गुलाबी ठिपक्यावर.

"हा घ्या," म्हणाले. "हा जरा चांगला दिसतो."

बोट तिथेच होतं. मग हळूहळू ते मागे आलं, आणि सरांनी तो हात दुसऱ्या हातात धरून मांडीवर ठेवला. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कुणाला चहाला हाका मारत होतं.

"मी तिला फोनवर काय काय बोललो," सर म्हणाले.

"ऐकलं मी," मी म्हणालो. "मी तिथेच उभा होतो, सर. गप्प."